टॅक्स भरला तरी खातं बंद

"ताई, तुमचं खातं गोठवलंय, पोलिसांचं पत्र आलंय," पिंप्राळ्यातल्या बँकेचे साहेब म्हणाले आणि मी कडेवरची पोर खाली उतरवली. मी मोबाइलवरचे क्रिप्टोचे कॉइन एका अनोळखी माणसाला विकले होते, तो भाव जास्त देत होता म्हणून. त्याने पाठवलेले पैसे चोरीचे निघाले.

मी म्हटलं, "पण सरकार यावर टॅक्स घेतं ना? मी भरलाय."

"घेतं. पण क्रिप्टोला मान्यता नाही दिली."

"मग गुन्हा आहे का?"

"तसंही नाही."

मग आहे तरी काय, मला काहीच कळेना. तेवढ्यात धुळ्याहून नवऱ्याचा फोन आला. खातं दोघांच्या नावावर, त्याचा पगार यातच येतो आणि कॉइनचं त्याला माहीतच नव्हतं.

"पगार उना का वं?" पगार आला का, असं तो विचारत होता.

तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?