मी ऊर्फ मी

लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांवर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं आणि जुनं नाव पनवेलला ठेवून मी पेणला नांदायला गेले. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. नवा शालू अंगावर असताना जुन्या नावाची कुणाला आठवण येते?

पुढे आईमागून वडीलही गेले. पनवेलचं घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं होतं, आणि लेकींनाही वाटा देणारा कायदा तेव्हा नवा नवा आला होता. त्यामुळे घराच्या उताऱ्यावर वारस म्हणून धाकट्या भावाच्या जोडीला माझंही नाव लागलं. भावाला घरावर माडी चढवायची होती. त्याआधी कागद साफ करून घ्यावा म्हणून त्याने निरोप धाडला, शनिवारी ये, हक्कसोडपत्रावर सही करायची आहे. बहिणीने हक्क सोडायचा आणि भावाने साडीचोळी करायची, ही आमच्याकडची रीतच. मीही कुरकुर केली नाही. दुपारी जेवण, एक साडी आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत, असा माझा बेत होता.

रजिस्ट्रार कचेरीच्या ओट्यावर बसून दस्त लिहिणाऱ्या काकांनी कागद तयारच ठेवला होता. अक्षर मोत्यासारखं, आणि त्या अक्षरात माझं सासरचं नाव. आतल्या कारकुनाने दस्ताशेजारी उतारा धरला आणि मान हलवली.

"उताऱ्यावरची बाई वेगळी आहे. हिने सही करून तिचा हक्क कसा सुटेल?"

"ती म्हणजे मीच," मी म्हटलं.

"असं तोंडी चालत नाही बाई."

मग काकांनी दोन्ही नावं लिहून मध्ये 'ऊर्फ' घातलं. मला हसू आवरेना. ऊर्फ लागलेली माणसं मी तोवर फक्त वर्तमानपत्रातल्या दरोड्याच्या बातम्यांत वाचली होती. आता त्यांच्या पंगतीला मीही बसले.

तरी भागलं नाही. दोन्ही नावांची बाई एकच, हे सांगणारे ओळखदार रजिस्ट्रारसाहेबांना हवे होते. भावाने आळीतले दोन शेजारी आणले होते. पहिला भातगिरणीवाला. तो म्हणाला, "आमी यांना ताई म्हनतो. दुसरा नाव आमाला म्हाईत नाय." दुसऱ्याने मान डोलावली. त्यालाही ताईच माहीत.

"ताई नावाची बाई उताऱ्यावर नाही," साहेब म्हणाले.

भाऊही जन्मभर मला ताईच म्हणत आला होता, आणि दस्त त्याच्याच फायद्याचा असल्याने त्याची ओळख तशीही चालणार नव्हती. तेवढ्यात त्याला रस्त्यावरून जाणारे आमचे मराठी शाळेतले गुरुजी दिसले. गुरुजी बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. गावात त्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण पूर्वी त्यांचे तेलाचे घाणे असत आणि शनिवारी ते बंद राहत. गुरुजींनी आयुष्यात कधी घाणा फिरवला नव्हता, पण शनिवार मात्र काटेकोर पाळत. आत्ताही ते मशिदीतून घरी निघाले होते. आपल्या प्रार्थनामंदिराला ते लोक मशीदच म्हणत.

गुरुजी आत आले. चष्म्यावरून त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि हजेरी घ्यायच्या त्या जुन्या सुरात माझं नाव उच्चारलं. माझं, वडिलांचं आणि आडनाव, सगळं एका दमात.

"हजर, गुरुजी," माझ्या तोंडून निघून गेलं. मी उभीही राहिले होते.

सगळी कचेरी हसली. साहेबही हसले. "ओळख पटली," ते म्हणाले. "गुरुजी, इथे सही करा."

गुरुजींनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "आज माझा शनिवार आहे. आज लिहिणं बंद. सोमवारी येतो."

"गुरुजी, नुसतं नाव तर लिहायचंय," भाऊ काकुळतीला आला.

"नाव लिहिणं हे लिहिणंच असतं, बाळ," गुरुजी म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "सोमवारचं मात्र चुकवू नकोस. आमचं बिऱ्हाड आता इस्राएलला निघालंय."

झालं. संध्याकाळची एस.टी. माझ्यावाचून गेली आणि मला दोन रात्रींचं माहेरपण मिळालं, ते गुरुजींच्या देवाच्या कृपेने.

रविवारी भावाने माझी जी सरबराई केली ती माझ्या लग्नातसुद्धा झाली नव्हती. सकाळी शिरा, दुपारी पुरणपोळी, आणि "ताई, पाटावर बस, ताई, तूप घे." सही होईपर्यंत मी रुसू नये, एवढीच त्याला धास्ती. मला गंमत वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. सही झाल्यावर हा मला कशाला बोलावणार होता? भाऊबीज आहे म्हणा, पण भाऊबीजेला तो स्वतःच पेणला येऊन जेवून जाई.

रात्री मोरीवर भांडी घासताना भावजयीने विचारलं, "वन्सं, कचेरीत गुरुजींनी हाक मारली ते तुमचं नाव मला सांगाल? हे लोक घरात कधी बोललेच नाहीत."

मी सांगितलं. तिने ते एकदा हळूच म्हणून पाहिलं. मग न विचारताच तिने आपलंही माहेरचं नाव सांगितलं. इतकी वर्षं मी तिला वहिनी म्हणत होते. माहेरचं ते नाव तिला किती शोभत होतं!

सोमवारी गुरुजी वेळेवर आले आणि त्यांनी झोकदार सही केली. साहेबांनी मला विचारलं, "राजीखुशीने करताय ना? काय लिहिलंय ते कळलंय?"

कारकून मध्येच म्हणाला, "सोपं आहे बाई. सही केलीत की उताऱ्यावरचं तुमचं नाव कमी होईल."

कमी. वर्ष वर्ष शाळेत न फिरकणाऱ्या पोरींचं नाव गुरुजी असंच पटावरून कमी करत. मी तर समोर बसले होते. शाळा सुटल्यापासून ते नाव कुठे लिहिलं गेलं असेल तर त्या उताऱ्यावर, आणि ते नाव घेऊन हाक मारणारा माणूस बोटीत बसायला निघाला होता.

"हिस्सा घ्या, नाव राहू द्या," मी म्हटलं.

"ती दोन्ही एकत्रच असतात," साहेब म्हणाले.

मी टाक दौतीत ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मग आज माझा शनिवार आहे."

"आज सोमवार आहे, ताई," भाऊ म्हणाला.

गुरुजींना मोठा खोकला आला. ते खोकत खोकतच बाहेर गेले.

घरी परतताना भाऊ दहा पावलं पुढे चालत होता. तळ्यापाशी मी त्याला गाठलं. "माडी बांध," मी म्हटलं. "कर्ज काढ, नळ घे, लागेल त्या कागदावर मी सही देईन. फक्त दर वेळी मला बोलवावं लागेल." त्याची चाल मंदावली आणि माझी पिशवी त्याने हातात घेतली.

दारात भावजय उभी होती. नवऱ्याचा चेहरा बघून तिला काय ते समजलं. तो चपला काढून आत गेल्यावर तिने माझ्या हातात गूळपाणी दिलं, आत एकदा पाहून घेतलं आणि हलकेच मला माझ्या नावाने हाक मारली.

"हजर," मी म्हटलं.