खोकल्याच्या बाटलीतलं गिअरचं तेल

माझ्या नातवाच्या पिकअपच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. गिअरचं तेल कधी बदललं, पुढचं कधी बदलायचं, सगळं तिच्यावर लिहिलेलं. तो ती वाचतो, गाडी गॅरेजात लावतो, संपलं. तेलाला बोट लावत नाही, वास घेत नाही. मी एकदा म्हटलं, "अरे, तेल कसं झालं ते तरी पाह्य," तर हसला. म्हणे, "आजी, तितके किलोमीटर झाले ना, मंग पाह्यचं काय त्यात?" मला राग आला. खरं तर त्याच्यावर रागवण्यासारखं काही नव्हतं. मला बाबांची आठवण आली होती, आणि आठवण आली की मला आधी राग येतो. ही माझी जुनीच खोड आहे.

बाबांची पिकअप एका ठेकेदाराकडून घेतलेली, आधीच दमलेली गाडी होती. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही देऊळघाटचे, भाजीपाल्याचे. मेथी, वांगी, मिरची आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, भरून बाबा राजूरचा घाट उतरायचे आणि मोताळ्याचा बाजार करायचे. गाडीचा मैलांचा काटा आमच्याकडे आला तेव्हाच बंद होता. बुलढाण्याचा मिस्त्री सांगायचा, इतके मैल झाले की इंजिनचं तेल, इतके झाले की गिअरचं. बाबा त्याला म्हणायचे, "अरे बाप्पा, काटा तं झोपला हाय. मैल काय आता म्या पावलानं मोजू?"

म्हणून आमच्या घरी तेल अंगठ्यानं ठरायचं. गाडीच्या बैठकीसमोरचा पत्रा उचलला की गिअरबॉक्स हाताशी यायचा. बाबा पान्यानं बाजूचा नट काढायचे, मी आत बोट घालायची. पहिल्या पेरापर्यंत तेल लागलं तर भरपूर आहे. मग तेच तेल अंगठ्यावर घेऊन चोळायचं. गुळगुळीत लागलं तर चालतं. कचकच लागली, म्हणजे लोखंडाचा बारीक किस त्यात उतरला, तर बदलायचं. जळका वास आला तरी बदलायचं. दुधाळ दिसलं तर नाल्याचं पाणी शिरलं, मग त्याच दिवशी बदलायचं. बाबा विचारायचे, "काय म्हन्ते?" तेल काय म्हणतं, असं. मी सांगायची, "चालते अजून," किंवा, "बदला."

माझंच बोट का, तर बाबांच्या अंगठ्यांना घट्टे पडलेले होते. आधी मोटेच्या नाड्यानं आणि नंतर स्टिअरिंगनं. "माह्या आंगठ्याले काई समजत नाई," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. मला ते खरं वाटायचं आणि त्याचा मला भारी गर्व होता. घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरवर धरून ठेवावी लागते, नुसत्या ब्रेकच्या भरवशावर कोणी उतरत नाही. तो गिअर निसटला तर खाली दरी. आणि तो गिअर माझ्या अंगठ्यावर चालतो, असं मी मैत्रिणींना सांगत फिरायची. आगाऊ होते मी, आताही आहे.

मग माझं लग्न झालं आणि मी पिंपळगाव राजाला गेले.

आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नसे. जेवण तर लांबच. त्यामुळे बापानं लेकीच्या दारात उगाच येणं बरं दिसत नव्हतं. यायचं तर काम पाहिजे. सणाला घ्यायला आले, सुखदुःखाचा निरोप घेऊन आले, तर गोष्ट वेगळी. नुसतं लेकीला बघायला आलो, असं कुठला बाप म्हणणार? लोकांनी नावं ठेवली असती, आणि माझ्या सासूबाईंनी सगळ्यात आधी.

लग्नानंतर दीड महिन्यानं बाबा आले ते हातात खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन. मोताळ्याहून पिंपळगाव काही त्यांच्या वाटेवर नाही. बाजार आटोपून, वाकडी वाट करून आले होते. ओसरीच्या खाली उभे राहिले आणि सासूबाईंना म्हणाले, "इहीनबाई, गाडीच्या तेलाचं जरा काम होतं. हिच्याशिवाय ते कोनाले समजत नाई." सासूबाई बघतच राहिल्या. मी डोक्यावरचा पदर सावरत पुढं झाले, बाटलीत काडी बुडवली आणि अंगठ्यावर तेल घेतलं.

"काय म्हन्ते?"

"चालते अजून."

"बरं." मग आईची तब्येत, विहिरीचं पाणी, मिरचीवरचा रोग, असं दोन-चार वाक्यांत सांगितलं. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला तर हात जोडले. गाडीच्या पुढं कॅनव्हासची छागल लटकवलेली असायची. रेडिएटरमध्ये टाकायचं पाणी तेच आणि प्यायचंही तेच. तिला तोंड लावून घटाघटा प्याले आणि गाडी वळवून गेले. माझ्या दारात उभं राहून माझा बाप रेडिएटरचं पाणी पितो, याचं मला फार वाईट वाटायचं.

अशी दोन-तीन वेळा बाटली आली. पोळा झाला, आणि त्यानंतरच्या बाजारी जी बाटली आली तिच्यातलं तेल मी अंगठ्यावर घेतलं आणि माझं तोंड उतरलं. काळंकुट्ट, जळका वास, आणि चोळलं तर वाळूसारखा किस. हे तेल गिअरमध्ये एक दिवस ठेवू नये असं होतं.

"काय म्हन्ते?" बाबांनी विचारलं.

आता माझ्या मनात काय आलं ते सांगते. मी "बदला" म्हटलं असतं तर बाबांनी घरी जाऊन तेल बदललं असतं. नवीन तेल निदान वर्षभर बोलत नाही. मग वर्षभर बाटली नाही आणि वर्षभर बाबाही नाहीत. मला दिवस गेले होते, उलट्यांनी जीव नकोसा झाला होता, आणि त्या घरात माझ्या मनातलं ओळखणारं अजून कोणी झालं नव्हतं. मी म्हणाले, "चालते अजून. पुढच्या बाजारी दाखवा."

"हाव," बाबा म्हणाले आणि निळी चिंधी गुंडाळलेलं बूच लावलं.

पुढच्या बाजारी आले. तेल तसंच, तेवढंच काळं, किसही तेवढाच. बिघडलंय पण वाढत नाहीये, असं म्हणत मी स्वतःची समजूत घातली. "चालते. पुढच्या बाजारी दाखवा." त्यानंतर दर बाजारी तेच. बाबा गेले की मी भांडी घासताना अंगठा राखेनं घासायची, वास काही जायचा नाही. भाकरी थापताना दुसरा गिअर आठवायचा, घाटातली वळणं आठवायची. मी माझ्या बापाला दर आठवड्याला त्या घाटात ढकलत होते, फक्त पाच मिनिटं त्याचं तोंड दिसावं म्हणून. तोंड उघडून एक शब्द बोलायचा होता, तेवढा माझ्यानं होत नव्हता.

मार्गशीर्षातल्या एका बाजारी बाबांची वेळ टळून गेली. शेजारचा माणूस मोताळ्याहून आला आणि ओट्यावर बसून सांगायला लागला की घाटात भाजीची एक गाडी कठड्यावर चढली आहे, वाट अडली आहे. माझ्या हातातलं सूप खाली पडलं. सासूबाईंनी पसरलेले दाणे गोळा केले आणि मला खांबाला टेकून बसवलं. मी मनात देवाला म्हटलं, या खेपेला माणूस दारात येऊ दे, आल्याबरोबर "बदला" म्हणते, मग वर्षभर नाही दिसला तरी चालेल.

ऊन कलल्यावर आपल्या गाडीचा आवाज आला. बाबा उतरले, धुळीनं पांढरे झालेले. अडकली होती ती दुसऱ्याचीच गाडी. खिशातून त्यांनी बाटली काढली. "काय म्हन्ते?"

मी त्यांच्याकडं बघितलं. दाढी वाढलेली, टोपीखालचे केस आणखी पिकलेले.

"चालते," मी म्हणाले. "पुढच्या बाजारी दाखवा."

या गोष्टीची लाज मला आजही वाटते. कोणी मोठेपणानं म्हणेल, वय कोवळं होतं. कोवळंबिवळं काही नाही, मला सगळं समजत होतं.

सातव्या महिन्यात बाबा मला बाळंतपणासाठी घ्यायला आले. त्याच गाडीत बसून मी घाट चढले. एक हात पोटावर आणि एक दारावर. गिअर बदलला की मी दार घट्ट धरायची. गाडी मात्र कुरकुर न करता चढत होती. बाबा मिरचीचं काहीबाही सांगत होते, मी हो हो करत होते. मी ठरवलं होतं, घरी पोचले की आधी तेल, मग पाणी.

पोचले. आई भाकरतुकडा ओवाळायला आत वळली, तेवढ्यात मी बैठकीसमोरचा पत्रा उचलला. बाबा हा हा म्हणेपर्यंत पाना घेऊन नट सैल केला आणि बोट आत घातलं. पहिल्या पेरापर्यंत तेल. बाहेर काढून बघते तर मधाच्या रंगाचं. अंगठ्यावर चोळलं, किसाचं नाव नाही. मी पुन्हा चोळलं.

"हे कवा बदललं?"

बाबा टोपी काढून डोकं खाजवायला लागले. "पोळ्याले."

"मंग तुमी बाटलीत काय आनत होते?"

"तवाच काढलेलं, जुनं. तेच आनत होतो."

"दर बाजारी तेच?"

"हाव."

मी तिथंच रडायला लागले. रडता रडता सगळं सांगितलं, की तेल खराब आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, आणि मी खोटं बोलले. बाबांनी माझ्या हातातून पाना घेतला, नट घट्ट केला, पत्रा बसवला. मग म्हणाले, "मले मालूम होतं, माय. तू चालते म्हन्ली, तवाच समजलं का तुले करमून नाई राह्यलं."

"मंग मले काऊन विचारत होते?"

"नाई विचारलं तं पिंपळगावले येऊन काय सांगू? लेकीले पाहाले आलो म्हून?" हे बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पाना पुसत होते, आणि तो आधीच स्वच्छ होता.

चैत्रात मला मुलगी झाली. सासरी परत गेल्यावर बाबा पहिल्या बाजारी आले, ते ओसरी चढून वर. सासूबाईंनी तांब्या दिला. बाबांनी पाणी ओठांना लावलं, थांबले, आणि मग सगळं प्याले. नात मांडीवर घेतली. त्या दिवशी त्यांच्या हातात बाटली नव्हती. आणि गंमत अशी, आम्हाला बोलायला काही सापडेना. बाबा खांबाकडं बघत, मी पोरीकडं. सासूबाईच शेवटी म्हणाल्या, "इवाई, तेल नाई आनलं का आज? निळ्या चिंधीची ती बाटली, तेच ते तेल, पाह्यल्याशिवाय करमत नाई आता." म्हणजे दर बाजारी तेच तेल येतं हे त्या म्हातारीनंही ओळखलं होतं. ओळखून पाच महिने गप्प बसली होती.

पुढच्या बाजारी बाबा दुसरी बाटली घेऊन आले. "हे ब्रेकचं हाय. याचं पाह्य काय म्हन्ते." त्यानंतर डिफरन्शियलचं आणलं. एकदा तर रेडिएटरचं गंजकं पाणी आणलं होतं, त्याला बोट लावून काय कळणार? तरी मी लावलं. पाणी पिऊन, भाकरी खाऊन जायचे.

अशी दोनच वर्षं मिळाली. बाबा गेले तेव्हा गाडी विकली. निळ्या चिंधीची ती बाटली मी मागून घेतली. मला बाबा हवे आहेत, अजूनही, या वयातही. बाजाराच्या दिवशी दुपारी मी बूच काढते, अंगठ्यावर थेंब घेऊन चोळते. तेवढंच काळं, किसही तेवढाच.

"चालते अजून," मी म्हणते. "पुढच्या बाजारी दाखवा."