सोयरिकीच्या घरचा चहा

"हा एसव्हीटी," ईसीजीचा कागद माझ्यापुढे सरकवत डॉक्टर म्हणाले. "हृदयातल्या विजेला तुमच्यात एक जादा वाट आहे. वीज त्या वाटेला लागली, की ठोके पळत सुटतात. तुम्हाला ते कॅफीननं होतंय. चहा बंद."

कॅफीन म्हणजे चहा-कॉफीतला तरतरी आणणारा पदार्थ. सगळ्यांनाच तो असा बाधत नाही, मला बाधतो. तोवर छातीत धडधडलं की घरचे म्हणायचे, पित्त असेल, आणि वर आल्याचा चहा पाजायचे. रोग परवडला पण औषध नको!

चहा सोडल्यावर आठवडाभर डोकं ठणकलं. तेही कॅफीन सुटल्यामुळेच होतं, घाबरू नका. लोकांचा त्रास मात्र संपत नाही. आजार सांगितला तर ते हळहळतात. चहा सोडला म्हटलं की वाद घालतात.

थोरल्या लेकीसाठी, राजश्रीसाठी, मंद्रूपचं स्थळ बघायला आम्ही गेलो. आमच्यात मुलाच्या घरचा चहा नाकारला, म्हणजे स्थळच नाकारलं. मी सांगून पाहिलं, "डॉक्टरांनी बंद केलाय."

मुलाची आत्या हसली. "अवो, घोटभर घ्या की. का आमचं घर पसंत न्हाय?"

नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी कप उचलला आणि संपवला. उष्टा ठेवला असता तर तेही नडलं असतं.

परतीच्या गाडीतच ठोके सुटले. श्वास पुरेना. तशीच मला सोलापुरात दवाखान्यात नेलं. तिथं अॅडेनोसिनचं इंजेक्शन दिलं. त्यानं हृदय क्षणभर थांबतं आणि मग सरळ चालू लागतं. आधी सांगितलेलं असूनही वाटलं, मेले. तुमच्यावर ही पाळी आली तर एवढं लक्षात ठेवा, तो क्षण जातो.

सकाळी आत्याबाईंचा फोन आला. "पोरीच्या आईला हार्टचा तरास हाय म्हनं. पोरीत उतरला म्हंजे? आमी दुसरीकडं बघतो."

ज्यांनी पाजला, त्यांनीच नाक मुरडलं! आणि मी वॉर्डात ढसाढसा रडत होते, माझ्या आजारानं लेकीचं लग्न मोडलं म्हणून.

राजश्री माझी वेणी घालत होती. तिचा हात थांबला नाही.

"आई, रडतीस कशाला? तुला तितं एक कप नको म्हनता आलं न्हाय. मला तर जन्मभर ऱ्हायचं हुतं की."