काकांनी तपासलेली होडी

माझी मावशी आईपेक्षा चार वर्षांनी लहान. तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, होड्या दुरुस्त करणारे सुतार. गोदीत तीस वर्षं त्यांनी लोकांच्या होड्यांच्या फळ्या बदलल्या. स्वतःची होडी एकही नाही. बाबा आणि ते साडू. "तुझे बाबा खुर्चीत बसून वर चढले, मी वाकून वाकून खाली गेलो," असं काका हसत म्हणायचे. त्या हसण्यात दात जरा जास्तच दिसायचे. बाबांनी घरावर मजला चढवला तेव्हा सगळे कौतुक करत होते, आणि काका जिन्याचा कठडा हलवून बघत होते.

निवृत्त झाल्यावर बाबा तीन महिने शिडाची होडी चालवायला शिकले. एका सकाळी त्यांनी काकांना फोन केला.

"साडूभाऊ, तुमच्या गोदीच्या कोपऱ्यात ती निळी होडी पडलीय ना, दंतवैद्यांची? ते विकतायत. तुम्ही एकदा तपासा. तुम्ही हो म्हणालात तर घेतो, नाही म्हणालात तर विषय संपला."

बाबांना काय माहीत, की त्या होडीवरची फाटकी ताडपत्री सहा वर्षं काकाच बांधत होते! दंतवैद्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत काका तिच्यात शिरायचे, साचलेलं पाणी उपसायचे, डबा तिथेच खायचे. विकत घ्यायची ऐपत नव्हती. पण ती कोणालाच नको होती, म्हणून थोडी आपलीच वाटायची. हे त्यांनी मावशीलाही सांगितलं नव्हतं.

शनिवारी बाबा नवेकोरे पांढरे बूट घालून गोदीत गेले. काका टोच्या आणि हातोडी घेऊन वर चढले. बाहेरचा रंग पापुद्र्यांनी सुटला होता. आत बुरशीचा वास, काळ्या पडलेल्या गाद्या, उंदरांनी कुरतडलेलं शीड, गंजून बसलेल्या कप्प्या. नवखा माणूस बघूनच पळाला असता. पण काकांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फळी न् फळी ठोकली आणि प्रत्येक ठोक्याला खणखणीत आवाज आला. फक्त डोलकाठीच्या बुडाशी दोन फळ्यांत टोच्या लोण्यात जावा तसा गेला. चार दिवसांचं काम.

खाली बाबा रखवालदाराला सांगत होते, "हिला आमच्या सौभाग्यवतींचं नाव देणार. रंगही बदलायचा, निळा काही मला आवडत नाही."

काका खाली उतरले. हात पुसत म्हणाले, "आतून कुजलीय. पाण्यात घातलीत तर थेट जलसमाधी."

बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "घरचा माणूस होता म्हणून वाचलो."

मग बाबा भेटेल त्याला हेच सांगत सुटले. साडू असावा तर असा! मावशीची मान ताठ झाली. काका मात्र कौतुक निघालं की उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

दोन आठवड्यांनी ही गोष्ट दंतवैद्यांच्या कानावर गेली. कुजलेलीच आहे तर ठेवायची कशाला? त्यांनी गोदीच्या मालकाला ती तोडायला सांगितलं, आणि मालकाने करवत काकांच्याच हातात दिली. "सोमवारपासून लागा."

त्या दुपारी दार मीच उघडलं. काकांच्या हातावर अजून भुसा होता. बाबा पेपर वाचत होते. काका उभ्या उभ्याच बोलले.

"होडी चांगली आहे. मी खोटं बोललो."

"का?"

"तुमची होणार होती म्हणून."

स्वयंपाकघरात आईने नळ बंद केला. बाबांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

"किती दिवसांचं काम आहे?"

"चार."

"घेतो मी. पण काम दुसऱ्याकडून करून घेईन."

"बरोबर आहे," काका म्हणाले आणि पाणीही न पिता निघून गेले.

दुसरा सुतार पलीकडच्या किनाऱ्यावरून आला. बडबड्या माणूस, चार दिवसांच्या कामाला त्याने अकरा दिवस लावले, तेही काकांच्या डोळ्यांसमोर. काका शेजारच्या होडीला रंधा मारत राहिले. "तीस वर्षं मी तुझ्या बाबांवर जळलो," पुढे त्यांनीच मला सांगितलं, "पण त्या सुताराइतका हेवा मला कधीच कोणाचा वाटला नाही. फळी चुकीची बसवत होता गं, आणि मला बोलायचं तोंड नव्हतं."

मावशी महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. खोटेपणाचा राग नंतरचा, आधी तिने विचारलं, "तुम्हाला होडी हवी होती, हे मला का नाही सांगितलंत?"

आता होडी पांढरी आहे आणि तिच्यावर आईचं नाव आहे. वर्षभराने बाबा काकांना म्हणाले, "या एकदा, चक्कर मारू."

"गुडघे दुखतात," काका म्हणाले.

बाबांनी आग्रह केला नाही.