उजेडात पाहिलेला दात

सर्व आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि भिशीच्या मैत्रिणींना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या वरच्या रांगेतील डावीकडचा पुढचा दात गेल्या हिवाळ्यात, नेदरलँड्समधील राहत्या घरी, अर्धा तुटून पडला. घटनास्थळी एक डिंकाचा लाडू सापडला. लाडवात खारकेची बी होती. लाडू बदलापूरहून आला होता.

तो माझ्या वहिनीने पाठवला होता. हे मी तिला सांगणार नव्हते, पण माझा नवरा विनय याने फोनवर सांगून टाकलं. तेव्हापासून शालनवहिनीने माझा दात स्वतःच्या शिरावर घेतला.

तिकडच्या आमच्या गावातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दात पाहिला, हळहळल्या आणि कॅपचा खर्च सांगितला. तेवढ्यात मला बदलापूरला जाऊन आंबे खाऊन परत येता आलं असतं. शिवाय त्यांनी दिलेली तारीख इतकी लांबची होती की तोवर उरलेला अर्धा दातही कंटाळून निघून गेला असता.

दात दुखत नव्हता. खरं दुखणं वेगळंच होतं. मी हसताना तोंडावर हात ठेवायला लागले होते. शनिवारी मी गावच्या वाचनालयात मुलांना गोष्टी सांगते, आणि मला गोष्ट सांगायला दोन्ही हात लागतात. एक हात तोंडावर असेल तर राक्षस अर्धाच उभा राहतो. हिवाळाभर माझे राक्षस एका हाताचे होते. मुलं सभ्यपणे ऐकून घेत होती, आणि मुलांनी सभ्य होणं ही गोष्ट सांगणाऱ्याची सगळ्यात मोठी फजिती.

म्हणून मे महिन्यात मी तिकीट काढलं. निघताना विनय म्हणाला, "कर, पण एक सांगतो. खोटा दात तो खोटाच. कितीही भारी असला तरी मला बघताक्षणी कळेल." विनय कारखान्यात मालाची तपासणी करतो, आणि घरीही तपासणीच करतो.

विमानतळावर दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, गाडी घेऊन आला होता. बदलापूर जवळ आलं तशी डोंगरांची निळी रांग उजेडात वर आली. तिच्याआधी टॉवर वर आले. खरवईकडे बोट दाखवून दादा म्हणाला, "इथे आपण चिंचा पाडायचो." तिथे आता सतराव्या मजल्यावर कुणीतरी चादर वाळत घातली होती. मी हसले. हात आपोआप तोंडावर गेला. दादाने ते पाहिलं आणि गाडीचा आरसा उगाचच नीट केला.

वहिनी दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तो माझ्यावरून ओवाळायच्या आधीच ती म्हणाली, "आ कर."

मी आ केला.

"अरे देवा," वहिनी म्हणाली. "माझ्या लाडवाने गेला ना, आता माझ्या डोळ्यांदेखत बसेल."

अंबरनाथच्या डॉक्टर नीलिमा वहिनीच्या योगवर्गातल्या. दवाखाना लहान, स्वच्छ, खिडकीत मनीप्लांट. त्यांनी फोटो काढून दाताचं मूळ मला दाखवलं. मूळ धडधाकट होतं. आमच्या घराण्यात मुळं चांगलीच असतात, बिघडतं ते वरचं. त्यांनी दात कोरून लहान केला, माप घेतलं आणि तात्पुरती प्लॅस्टिकची टोपी बसवली.

"पुढचा दात आहे," त्या म्हणाल्या, "म्हणून रंग जुळवायला तुम्हाला उल्हासनगरला पाठवते. कॅप बनवणारे हरेशभाई शेजारचे दात समोर बघूनच रंग ठरवतात. तोवर रंग लागेल असं काही खाऊ नका."

दुसऱ्याच दिवशी दादाने मला बारवी धरणाच्या रस्त्याला फिरवायला नेलं. डोंगर उन्हात वाळून खाकी झाला होता, पण झाडाखाली एक ठाकर बाई जांभळं घेऊन बसली होती. टपोरी, पानाच्या खोल्यात (पानाच्या द्रोणात) भरलेली. माझ्या सगळ्या प्रतिज्ञा जागच्या जागी विरघळल्या.

"गोड हायती ना?" मी तिच्यासारखं बोलायला गेले.

"खाऊन बघ आन् मंग बोल," ती म्हणाली.

मी खाल्ली आणि मग बोललेच नाही. दुसरा खोला घेताना मी हसले, तशी ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "बाय, तुझा येकच दात जांभळाला." घरी येऊन घासघास घासलं. माझे जन्माचे दात पांढरे झाले, प्लॅस्टिकची टोपी मात्र वांग्यासारखी राहिली. वहिनीने ती पाहिली आणि दादाशी संध्याकाळपर्यंत अबोला धरला.

उल्हासनगरला जाण्यासाठी वहिनीने ठेवणीतली पर्स काढली. त्या बाजारात ती वर्षानुवर्षं मॅचिंगला जाते. साडी न्यायची, तिला ब्लाऊजपीस, परकर, फॉल, सगळं जुळवायचं. तिथला एक नियम सगळ्या बायकांना ठाऊक आहे. दुकानातल्या ट्यूबलाईटखाली काही ठरवायचं नाही. कापड घेऊन रस्त्यावर उजेडात यायचं, मान तिरकी करायची, आणि मग म्हणायचं, "थोडा पिवळा मारतोय."

हरेशभाईंची खोली नेमकी वहिनीच्या मॅचिंगवाल्याच्या वर निघाली. हरेशभाई म्हणजे कपाळावर भिंग, पोटावर एप्रन आणि हातात चावीच्या जुडग्यासारखा एक जुडगा. त्यात चाव्यांऐवजी दात. पांढऱ्याच्या इतक्या तऱ्हा असतात हे मला रंगाऱ्यानेही कधी सांगितलं नव्हतं.

"मुंह खोलो, दीदी," म्हणत त्यांनी एक नमुना माझ्या दाताशेजारी धरला. "ये एकदम फिट."

"इथे नको," वहिनी म्हणाली. "उजेडात बघू."

"भाभी, ये साडी नहीं है."

"साडी वर्षातून दोनदा नेसते ती. दात रोजचा आहे."

या युक्तिवादापुढे हरेशभाई हरले. आम्ही जिना उतरून दुकानाच्या पायरीवर आलो. मी आ करून उभी. वहिनीला ओळखणारा मॅचिंगवाला गादीवरून उठून आला. "क्या है भाभी, क्रीम का मॅचिंग?" त्याने माझ्या तोंडात पाहिलं आणि व्यवसायाची शपथ घेतल्यासारखा म्हणाला, "ऑफव्हाईट नाय, हस्तिदंती घ्या. हस्तिदंती सगळ्यावर चालतो." चहा घेऊन आलेला माणूस किटली घेऊन थांबला आणि म्हणाला, पहिलाच बरा होता. फॉल घ्यायला आलेल्या दोन अनोळखी बायकांनी नमुने आपल्या हातात घेतले. एकीने विचारलं, "मुलीचं लग्न आहे का?" मी मान हलवली, कारण तोंड उघडं ठेवायचा हुकूम होता.

सभा बराच वेळ चालली. शेवटी एकमताने एक नमुना ठरला. हरेशभाईंनी स्वतः तो पुन्हा धरून पाहिला. बरोबर जुळत होता. त्यांनी नंबर लिहून घेतला, पण भुवई वर केलीच. "वरती दुसरा लागला होता," ते पुटपुटले.

"म्हणून तर उजेडात आणलं," वहिनी म्हणाली. मॅचिंगवाल्याने सगळ्यांना चहा पाजला.

कॅप तयार होऊन अंबरनाथला आली. डॉक्टर नीलिमांनी ती नुसती बसवून पाहिली आणि आरसा माझ्या हातात दिला. जुन्या चाळीच्या मधोमध कुणीतरी पांढराशुभ्र टॉवर बांधला होता. दिवे लावले असते तर लोक फ्लॅट बघायला आले असते.

वहिनीने पाहिलं. तिचा चेहरा पडला. "पण जुळला होता," ती म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी बघितला."

"तिथे तोंड किती वेळ उघडं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग पायरी, हस्तिदंत, चहा, सगळं सांगावं लागलं. डॉक्टर हसू आवरत म्हणाल्या, "दात सुकला की पांढरा दिसतो. तुम्ही सगळ्यांनी तो पार वाळवलात आणि वाळलेल्या दाताशी रंग जुळवलात."

नवी कॅप करायला हवी होती, आणि माझं विमान रविवारी रात्रीचं. हरेशभाई फोनवर म्हणाले, होईल, पण उद्या सकाळी पहिल्या उजेडाला या. डॉक्टरांनी अट घातली. घरातून निघाल्यापासून रंग बघेपर्यंत तोंड बंद. "बोलणंसुद्धा नाही, विशेषतः यांचं," त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

घरी आल्यावर वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ पिठाच्या डब्याशी उभी राहिली. "आधी दात मोडला," ती म्हणाली, "आता रंगही मीच घालवला. तू तशीच तोंडावर हात धरून परत गेलीस तर मी काय करू?" मी तिला जवळ घेतलं. विनोद सुचला होता, पण सांगितला नाही. मी असं करते तेव्हा घरचे घाबरतात.

तो बदलापूर ते उल्हासनगर प्रवास माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांबचा. नेदरलँड्स त्यामानाने कोपऱ्यावर आहे. दादाला तोंड बंद असलेली बहीण प्रथमच मिळाली होती. त्याने लहानपणीचे सगळे खटले काढले. "माझी सायकल विहिरीपाशी हिनेच पाडली होती. आज कबूल आहे तिला, बघ, काही बोलत नाहीये." मी सीटच्या पाठीवर बुक्क्या मारल्या. सायकल त्याने स्वतः पाडली होती. हे मी इथे लेखी नोंदवते.

दुकानाची फळी अजून उघडायची होती. वहिनी गाडीतून उतरली, जिन्यापर्यंत आली आणि खालच्या पायरीवर थांबली. "मी वर येत नाही," ती म्हणाली आणि पर्स घट्ट धरून बसली. वर हरेशभाई खिडकीशी तयार होते. "खोलो." नमुना लागला. "बंद. हो गया."

खालून आवाज आला, "उजेडात बघितलं ना?"

"खिडकी है भाभी, गुफा नहीं," हरेशभाई ओरडले. आणि मी हिवाळ्यानंतर पहिल्यांदा, वांग्याच्या रंगाच्या दातासकट, दोन्ही हात मोकळे सोडून हसले.

रविवारी सकाळी डॉक्टर नीलिमांनी फक्त आमच्यासाठी दवाखाना उघडला. कॅप बसली. मी आरशात पाहिलं आणि कुठे बघायचं तेच कळेना. वहिनीने मला खिडकीशी नेलं, मान तिरकी केली, मग दुसरीकडे तिरकी केली. मग तिने नाक ओढलं, आणि आम्ही तिघं थेट उल्हासनगरला दाल पकवान (कुरकुरीत पुरी आणि हरभऱ्याची डाळ) खायला गेलो. पुढच्या दातांनी कडक काही तोडायचं नाही अशी सक्त ताकीद होती, म्हणून वहिनीने माझं पकवान डाळीत मोडून, चमच्याने कालवून दिलं, बाळाला द्यावं तसं. त्यात काही बी-बिया आहेत का तेही तपासलं.

विमानात विचार करत होते. परदेशात मला दात एकटीने दाखवावा लागला होता. इथे तो पाचसहा जणांनी उजेडात धरून पाहिला, वाद घातला, वाट लावली आणि पुन्हा जागेवर आणला. स्वस्त पडला, हे खरंच. पण माझ्या तोंडाची इतक्या लोकांना इतकी काळजी असते, हे मला ठाऊक नव्हतं. पुढच्या शनिवारी माझा राक्षस दोन हातांचा असणार होता.

विनय विमानतळावर न्यायला आला होता. बॅगा खाली ठेवून मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि मोठ्ठं हसले. त्याने चष्मा पुसला, वाकून डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग तपासनिसाच्या खात्रीने त्याने बोट उचललं, आणि ते जन्मापासून माझ्या तोंडात असलेल्या, बदलापूरच्या पाण्यावर वाढलेल्या, उजव्या दातावर टेकवून तो म्हणाला,

"बघ, म्हटलं होतं ना, हा खोटा आहे हे लांबूनच कळतं."