माहेरचा रकाना

आमच्या भागात बाई तिच्या नावानं ओळखली जात नाही. कुणाची सून, माहेर कुठलं, एवढं कळलं की पुरतं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी मी तो गाढवपणा केला.

ऐंशीच्या दशकात हैदराबादच्या एका संशोधक सरांसाठी मी गावोगाव फॉर्म भरत होते. तीस वर्षांत घराण्यांचं काय काय बदललं, ते कॉम्प्युटरवर चढवायचं होतं. हळ्ळीखेडच्या एका अक्कांकडे मी दर बाजाराच्या दिवशी चहाला टेकायची. भिंतीवर बुद्धाचा फोटो होता. एकदा त्यांनी मनातलं सांगितलं. घर बौद्ध झालेलं, पण मुलीच्या दाखल्यावर जुनी हिंदू जातच ठेवलेली. बौद्धांना तेव्हा अनुसूचित जातीची सवलत मिळत नसे, आणि मुलगी त्याच सवलतीच्या जागेवर बीदरला नर्सिंग शिकत होती.

"लिवून घे," अक्का म्हणाल्या, "पर आमचं नाव भायेर जाऊ देऊ नगंस."

मी नाव लिहिलंच नाही, नुसता नंबर टाकला. स्वतःवर खूश होते! बाकीचे रकाने मात्र सवयीनं भरले: सासर हळ्ळीखेड, माहेर राजेश्वर, एकच मुलगी, बीदरला नर्सिंगला. शेऱ्यात दाखल्याची गोष्टही लिहिली.

महिनाभरानं बीदरच्या ऑफिसात छापील याद्या आल्या. तिथला टायपिस्ट राजेश्वरचा. चहा पिता पिता तो अक्कांच्या ओळीवर थांबला आणि सहज म्हणाला, "ही तर आमच्या गल्लीतली लेक की."

 त्यानं ओळखलं, तर कुणीही ओळखेल. मी सरांना गाठलं. त्यांनी लगेच ती ओळ काढायला लावली, पण फ्लॉपीच्या प्रती आधीच दोन ठिकाणी गेल्या होत्या. तिथे कोण वाचतंय, असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

मला मात्र झोप लागेना. बीदरच्या बसस्टँडवर नर्सिंगच्या मुली दिसल्या की मी तोंड फिरवायची. एखादीला काढून टाकल्याचं कानावर येईल, याचा धसका घेतला होता. अक्कांना सावध करायला हवं होतं. मी हळ्ळीखेडला जाणंच सोडलं. भित्री होते, दुसरं काय.

पुढे सरकारनं बौद्धांनाही ती सवलत लागू केली. तेव्हा कुठे मी अक्कांच्या दारात गेले आणि सगळं सांगून टाकलं. मुलगी शिकून नोकरीला लागली होती. भिंतीवर फोटो नव्हता, नुसता खिळा होता.

"तू यायची बंद झालीस, तवाच कळलं कायतरी झालंय," अक्का म्हणाल्या. "त्याच हप्त्यात फोटो काढून पेटीत ठिवला. आता लावू का? तूच सांग."

लावा म्हणाले. त्या दोन प्रती कुठे आहेत, ते मला अजून माहीत नाही.