विहिणीच्या दारात

नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात मी सांगलीहून एकटाच मोटारसायकलवर महाबळेश्वरला निघालो होतो. वाईच्या पुढं, पसरणीच्या घाटाच्या पायथ्याशी, साठीच्या एका बाईंनी हात केला. त्यांचं नाव मी विचारलं नाही.

"वर इहिणीच्या गावाला सोड की रं. तिच्या घरात फटफटी हाय म्हणून लय तोरा करती. आज बघू दे तिला."

त्या मागं बसल्या आणि कासरा धरावा तशी त्यांनी माझी कॉलर धरली. वळण आलं की त्या बाजूला ओढायच्या. खाली धोम धरणाचं पाणी उन्हात चकाकत होतं, पण मान वळवायची सोय नव्हती.

गाव आलं तसा त्यांनी पदर नीट केला आणि मला हॉर्न वाजवायला लावला. विहिणीचं दार बंदच राहिलं.

"झोपली आसंल. आणिक एक येढा मार."

त्या वेढ्यात तापलेली गाडी बंद पडली. किका मारून मी दमलो, तेव्हा बाई ओचा खोचून गाडी ढकलायला लागल्या. आम्ही दारापर्यंत आलो आणि नेमकी विहीण बाहेर आली.

"आवं इहीणबाई, ह्यो काय परकार?"

बाईंनी शांतपणे घाम पुसला. "ह्या पोराची गाडी घाटात बंद पडली हुती. म्हटलं, उन्हाचं कुठं एकटं ढकलत बसंल? आणलं वर."

"समदा घाट?" विहिणीनं मला विचारलं.

"समदा," मी म्हणालो, कारण बाईंच्या चेहऱ्याकडं बघून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

विहिणीनं सरबत आणलं. मोठा पेला बाईंना दिला, छोटा मला.